दोर धरणाऱ्यानं बोलायचं नाही

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं सगळं पाण्याचंच आहे आणि तुम्हाला वाटायचं, हा बाळासो म्हणजे कुणी मोठा पाण्यातला माणूस. मी काठावरचा. मुरगूडच्या आसपास कुणाची मोटर विहिरीत पडली, पाईप निसटला, लग्नातलं पातेलं बुडालं, की आमच्या कुतुबुद्दीनला बोलावणं येतं. तो कमरेला दोर बांधून बुडी मारतो आणि मी वर दोर धरून उभा राहतो. खालचं काम झालं की तो दोन हिसके देतो, मी ओढतो. चाळीस वर्षं आमचं असं चाललंय. गावात नाव त्याचं होतं आणि हाताला घट्टे माझ्या पडतात.

या कामात एक रीत आहे, ती कुतुबच्या वडलांनी घालून दिली. दोर धरणाऱ्यानं बोलायचं नाही. विहिरीच्या तळाला काय काय सापडतं हे तुम्हाला माहीत नाही. चोरीला गेली म्हणून पोलिसांत नोंदवलेली सायकल गाळात उभी असते. भावानंच भावाचा पंप ढकललेला असतो आणि तोच भाऊ काठावर उभा राहून हळहळत असतो. खाली जाणाऱ्याला हे दिसतं, दोर धरणाऱ्याला कळतं, आणि दोघांनीही ते पोटात ठेवायचं. माझ्यासारख्याला ही शिक्षाच आहे. दूध संस्थेच्या सभेत मला खाली बसवायला तीन माणसं लागतात. पण विहिरीतलं एक अक्षर मी आजवर बाहेर काढलं नव्हतं, अगदी बायकोजवळसुद्धा.

यंदा शिमग्याच्या आधी एका मळ्यात मोटर काढायला गेलो होतो. मळेवाला चहा आणायला घरी गेला होता. कुतुबनं बुडी मारली आणि मी मनात आकडे म्हणायला लागलो. तरणा होता तेव्हा हा गडी दीडशेच्या पुढं राहायचा. अलीकडं साठ झाले की वर यायचा आणि काठाला धरून कुत्र्यागत धापा टाकायचा, पण ते मी बघितलं नाही असं दाखवायचो. त्या दिवशी ऐंशी झाले तरी हिसका आला नाही. नव्वदला मी हिसक्याची वाट न बघता ओढायला सुरुवात केली. वर आला तो ओल्या पोत्यासारखा, ओठ काळेनिळे, डोळे पांढरे. मी त्याला पालथा घालून पाठीत गुद्दे घातले, शिव्या घातल्या, त्याच्या सात पिढ्या काढल्या. शेवटी तो ओकला आणि त्याला शुद्ध आली.

शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य काय असावं? "कुणी बघितलं?"

"कुणी न्हाय."

"मग गप बस. कुणाला बोलायचं न्हाय. सलमाला तर न्हायच न्हाय."

मी गप्प बसलो. मळेवाला चहा घेऊन आला, आम्ही चहा प्यायलो, मोटर उद्या काढू म्हणालो. घरी जाऊन त्यानं सलमावहिनींना पित्त झालंय म्हणून सांगितलं आणि दोन दिवस अंथरुणात पडून राहिला.

आता त्याच्या लेकीचं सांगतो, कारण खरी भानगड तिथं सुरू होते. आफशीन लहानपणापासून विहिरीत वाढलेली. बापानं तिला पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं आणि आठव्या दिवशी तिनं डबा सोडून दिला. कोल्हापूरच्या कॉलेजातून पोहण्याच्या स्पर्धा जिंकत जिंकत ती पार अंदमानात गेली. तिथल्या एका लहानशा बेटावर ती आता स्कुबा डायव्हिंग शिकवते. पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी, आणि तासभर समुद्राच्या तळाला मासे बघत फिरायचं. कुतुब गावात छाती फुगवून सांगायचा, "आमच्या पोरीच्या पाठीला अजून डबाच हाय, फकस्त मोठा झालाय."

मे महिन्यात तिनं अम्मी-अब्बांसाठी तिकिटं पाठवली. सलमावहिनींनी विमान म्हटल्यावर हात जोडले. म्हणाल्या, "कोंबड्या कोण बघंल? माझ्या जागी बाळासो भावजींना न्या. त्यांना न्हाईतरी काय काम हाय?" आफशीननं वहिनींचं तिकीट रद्द करून माझ्या नावाचं काढलं आणि अशा मानानं मी अंदमानला निघालो. सोबत कांदा-लसूण चटणीची बरणी घेतली होती. ती चेन्नईच्या विमानतळावर एका पोलीस बाईनं उघडली, हुंगली, चार वेळा शिंकली आणि ठेवून घेतली. ती चटणी तिनं टाकून दिली असेल यावर माझा आजही विश्वास नाही.

विमानानंतर मोठी बोट, मोठ्या बोटीनंतर लहान बोट, आणि शेवटी तर नुसती होडी. बेट दिसलं तेव्हा माझ्या पोटात काहीही उरलं नव्हतं. बेट छान होतं, खोटं कशाला बोलू. पांढरी वाळू, आत दाट झाडी, पाणी इतकं स्वच्छ की होडीची सावली तळाला दिसत होती. राहायला झावळ्यांच्या झोपड्या. वीज संध्याकाळी तीन तास. आंघोळीला बादली आणि तांब्या, त्याला भिंत म्हणून गोणपाट. मोबाईलला रेंज नाही. आणि लोक इथं हौसेनं, दोन-दोन महिने आधी नाव नोंदवून येतात.

"ह्याला रस्टिक लिव्हिंग म्हणतात, काका," आफशीन म्हणाली. "साधं राहणं."

"आगं, आमच्या गोठ्यात पंखा हाय," मी म्हटलं.

आमच्या शेजारच्या झोपडीत पुण्याचं जोडपं होतं, राजवीर आणि मोना. दोघंही कॉम्प्युटरवर काम करणारी. मोनाबाई शेणानं सारवलेल्या जमिनीवर अनवाणी चालून बघत होत्या आणि डोळे मिटून म्हणत होत्या, "किती शांत वाटतं ना?" राजवीरही हो हो म्हणत होता. मी त्याला गाव विचारलं तर आधी पुणे म्हणाला, मग जरा खोदल्यावर कागल निघालं. म्हणजे आमच्याच तालुक्याचा. त्याची आजी अजून घर सारवते हे त्यानं माझ्या कानात कबूल केलं, आणि "मोनाला सांगू नका, ती सुट्टीला तिथंच चल म्हणेल," असंही म्हणाला. पोरगा हुशार होता.

कुतुबचं मात्र या कशाकडंच लक्ष नव्हतं. तो आल्यापासून टाक्यांच्या मांडवात उभा होता. पिवळ्या टाक्या ओळीनं लावून ठेवलेल्या, तो एकेकीवर हात फिरवत होता, बैलाच्या बाजारात फिरवतात तसा.

"बाळ्या," तो हळूच म्हणाला, "हे मी शिकणार. लेकीकडनं रीतसर शिकतो आणि एक टाकी मुरगूडला न्हेतो. मग काय? दम टाकीत भरलेला असतोय. माझा दम किती उरलाय हे कोण इचारतंय?"

तेव्हा मला कळलं की हा पाहुणा म्हणून आलेलाच नाही. गावात दोन वर्षांपासून क्रेनवाले यायला लागलेत. लोक अजून कुतुबला आधी विचारतात, पण ते सवयीनं. आणि खाली गेल्यावर साठ आकड्यांत काम होत नाही हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. त्याला त्याचं नाव टिकवायचं होतं. साठीला आलेला माणूस, आयुष्यभर एकच गोष्ट सगळ्यांपेक्षा चांगली करत आलेला, आणि तीच हातातून चाललेली. मला त्याचं वाईट वाटलं. शिमग्याआधीचं माझ्या ओठावर आलं होतं, ते मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म भरायचा होता. चार पानं, सगळी इंग्रजीत. आफशीन एकेक प्रश्न मराठीतून विचारत होती.

"दमा?"

"न्हाय."

"फिट येते?"

"न्हाय."

"ब्लड प्रेशर?"

"तुझ्या अम्मीला इचार. असलं तर तिनंच वाढवलंय."

"सिगारेट?"

"सोडली."

"कधी?"

"विमानात बसताना."

ती हसली. मग पान उलटून म्हणाली, "कधी चक्कर येऊन पडलाय? पाण्यात शुद्ध गेली असं झालंय?"

"न्हाय," कुतुब म्हणाला. तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाला.

मी छपराकडं बघायला लागलो. झावळ्या छान विणलेल्या होत्या.

"काका, खाली तुमची सही," आफशीन म्हणाली. सोबत आलेल्या माणसाची सही घ्यायची ही तिची स्वतःची पद्धत. पाहुणे डायव्हिंगच्या हौसेपोटी फॉर्मवर खोटं लिहितात म्हणे. शेजारच्याला सही करायला लावली की तो घाबरून खरं बोलतो. तिनं हे सगळं मला समजावून सांगितलं, आणि मी तिच्या हातातलं पेन घेऊन सही ठोकली. सही खोटी होती, पण अक्षर बरं आलं.

पहिला धडा किनाऱ्याजवळ, छातीएवढ्या पाण्यात. मी वाळूत नारळाखाली बसलो होतो. आफशीननं राजवीर, मोना आणि कुतुब, तिघांना समोर उभं केलं आणि बजावलं, "एकच नियम. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा विसरायचा नाही. दम धरायचा नाही. श्वास घ्या, सोडा, घ्या, सोडा. थांबायचं नाही."

तिघं गुडघ्यावर बसली आणि डोकी पाण्याखाली गेली. राजवीरच्या डोक्यावर बुडबुडे यायला लागले, मोनाच्या डोक्यावर तर चहाला आधण आल्यासारखे. कुतुबच्या डोक्यावर पाणी स्थिर. एक बुडबुडा नाही. पन्नास आकडे झाले आणि आफशीननं त्याला काखेत धरून उभा केला.

"अब्बा, श्वास घ्या की."

"घेतलाय की आत जायच्या आधी. भरपूर घेतलाय."

"तसा नाही. खाली घ्यायचा. नळीतनं."

"पाण्याखाली कोण श्वास घेतंय?"

बरोबर होतं त्याचं. ज्या माणसानं पन्नास वर्षं पाण्यात तोंड गेलं की छातीला कुलूप लावायचं एवढंच केलं, त्याला सांगताय की आता कुलूप काढ. तो पाच वेळा खाली गेला आणि पाच वेळा दम धरूनच बसला. मोना घरच्या टबमध्येही घाबरते असं तिनंच सांगितलं होतं, ती पहिल्या खेपेला पास झाली. वर येऊन कुतुबला म्हणाली, "काका, रिलॅक्स व्हा, सोपं आहे." अर्ध्या मुरगूडला पोहायला शिकवलेल्या माणसाला. मी वाळूत तोंड फिरवून हसलो आणि मग माझं मलाच कसंतरी झालं.

दुपारी कुतुब जेवायला नुसता बसला. मासे, भात, खोबरं समोर तसंच. आफशीन त्याच्या ताटात वाढत राहिली आणि तो सरकवत राहिला. मग चार वाजता तो एकटाच टाकी घेऊन पाण्यात जाऊन बसला. आफशीन धावत मागं गेली. तासभर बापलेक पाण्यात समोरासमोर गुडघ्यावर. ती त्याचे दोन्ही हात धरून स्वतःची छाती फुगवून दाखवायची, मग रिकामी करून दाखवायची. शेवटी त्याच्या डोक्यावर एक बुडबुडा आला, मग चार, मग ओळच लागली. वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"उद्या बोटीनं जायचं, बारा मीटर खाली," आफशीन म्हणाली. "अब्बा माझ्या हाताला धरून."

सकाळी बोट निघाली. बोट चालवणारा, आफशीन, तिच्या हाताखालचा एक शिक्षक, राजवीर, मोना, कुतुब आणि मी. मला कशाला नेलं माहीत नाही, मी आपला सवयीनं गेलो. वाटेत आफशीन परत एकदा सगळं सांगत होती. वर येताना दम धरला तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. खाली कुणाची शुद्ध गेली तर तोंडातली नळी सुटते आणि मग हातात फार थोडा वेळ असतो. ती हे हसतखेळत सांगत होती, कारण तिला घाबरवायचं नव्हतं. मी मात्र घाबरलो. कुतुब समुद्राकडं बघत होता, जणू हे दुसऱ्यांसाठी चाललंय.

बोट थांबली. सगळे बोटीच्या कडेला पाठ करून बसले, मागच्या मागं पाण्यात पडायचं होतं. आफशीन मोनाचा पट्टा बघत होती. आणि कुतुबनं तोंडात नळी घ्यायच्या आधी तीन लांब श्वास घेतले. पहिला, दुसरा, तिसरा. तिसरा आत घेऊन त्यानं जबडा आवळला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. हे मी चाळीस वर्षं विहिरीच्या काठावर बघत आलोय. आदल्या दिवशीची ती शिकवणी कुठल्या कुठं गेली होती. हा खाली जाऊन दम धरणार, आणि बारा मीटरवर याची शुद्ध गेली तर मी वर बसून ओढणार कशानं? माझ्या हातात काहीच नव्हतं.

"आफशीन, थांब," मी म्हणालो. "शिमग्याच्या आधी हा विहिरीत बेशुद्ध पडलाय. मी वर काढला. काल सही खोटी केली."

इंजिन बंद होतं, त्यामुळं सगळ्यांना नीट ऐकू गेलं. मोनानं मास्क वर केला. आफशीननं माझ्याकडं बघितलंच नाही. ती बापाजवळ गेली आणि त्याच्या पाठीवरची टाकी सोडवायला लागली.

"अब्बा, खरं?"

"खोटं बोलतोय त्यो," कुतुब म्हणाला. "त्याला डोकं हाय का?"

"अम्मी सांगत होती, शिमग्याला दोन दिवस झोपून होतात म्हणून. पित्त होतं ना ते?"

तिनं टाकीचा पट्टा सोडला, टाकी बाजूला ठेवली आणि तिचा कॉक बंद केला. मग शिक्षकाबरोबर राजवीर-मोनाला खाली पाठवलं आणि स्वतः बोटीच्या टोकाला जाऊन आमच्याकडं पाठ करून बसली.

पाऊण तास आम्ही दोघं बोटीत समोरासमोर होतो. मला मळमळत होतं, आणि मी ओकायला कडेला वाकलो तर मला धरायला कुणी नव्हतं. एरवी त्यानं धरलं असतं. एकदाच बोलला. "तू दोर सोडलास, बाळ्या." तो खोटारडा म्हणाला ते मी सोडून दिलं, पण हे मला लागलं. ज्या दिवशी मी त्याला खरोखर ओढून काढला त्या दिवसाबद्दल तो मला कधीच काही म्हणाला नव्हता, आणि आज दोर सोडला म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी आफशीन आम्हाला मोठ्या गावातल्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यानं छातीला तारा लावल्या, कागद बघितला, परत तारा लावल्या. हृदयाचे ठोके मधेच चुकतात म्हणाला. औषधं लिहून दिली आणि टाकी बंद, विहीर बंद, दम धरणं कायमचं बंद, असं सांगितलं. कुतुबनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नदीत पोहलो तर?" डॉक्टर म्हणाला, उथळ पाण्यात, कुणी सोबत असलं तर. कुतुब त्याच्याकडं असा बघत राहिला की बिचाऱ्यानं पेन खिशात घालून उगीच परत काढलं.

निघताना धक्क्यावर आफशीन मला बाजूला घेऊन गेली. मला वाटलं आता आभार मानेल. मी नको नको म्हणायच्या तयारीत होतो.

"काका, तुम्ही सही का केलीत?" ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "बोटीत सांगितलंत. आणि सांगितलं नसतं तर? माझ्या हातात हात देऊन गेले असते अब्बा."

बाप चिडला कारण मी सांगितलं, आणि लेक चिडली कारण उशिरा सांगितलं. दोघांचंही बरोबर होतं. परतीच्या विमानात कुतुब खिडकीकडं तोंड करून बसला होता आणि खिडकी पंखाला लागून होती, तिथून काहीही दिसत नव्हतं.

मुरगूडला आल्यावर एकोणीस दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी मोजले. मी दिसलो की तो चहाच्या टपरीवरून उठायचा, ग्लासात चहा उरलेला असला तरी. लोक विचारायचे, काय रे, अंदमानात काय झालं? मी सांगायचो, समुद्र लागला. फक्त सलमावहिनींना सगळं माहीत होतं, लेकीनं फोनवर सांगितलं होतं. त्या रस्त्यात भेटल्या की माझ्याकडं बघायच्या आणि पुढं जायच्या.

विसाव्या दिवशी अमरसिंहची मोटर पडली. अमरसिंह म्हणजे गावातला मोठा बागायतदार, जोरजोरात बोलणारा. तो सकाळी मोटरसायकल घेऊन सरळ माझ्या दारात आला, कारण कुतुबला न्यायचा तर बाळासो आधी उचलायचा, ही सगळ्यांनाच सवय. "बसा मागं," म्हणाला. मी भांडण झालंय म्हणून सांगू शकलो असतो, पण मग का झालंय तेही सांगावं लागलं असतं. मी बसलो. वाटेत मला एकच दिसत होतं. हा माझ्यावर राग काढायला म्हणून उतरणार. गावासमोर, मला दोर धरायला लावून. आणि तो उतरायला निघाला तर मी त्याच्या दारातच ओरडून सगळं सांगणार, मग त्यानं जन्मात माझं तोंड बघितलं नाही तरी चालेल, असं मी ठरवलं.

कुतुब दारात बसून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी नीट करत होता. अमरसिंहचे दोन भाऊ आधीच तिथं येऊन थांबले होते. शेजारची दोन-चार माणसंही जमली. अमरसिंहनं मोटर कशी पडली, किती खोल पाणी आहे, सगळं सांगितलं. कुतुबनं ऐकलं, पक्कड खाली ठेवली आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा खुंटीवरचा दोर त्याच्या खांद्यावर होता. दारात सलमावहिनी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आता बोल, असंच ते बघणं होतं. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात कुतुबनं दोर खांद्यावरून काढला आणि अमरसिंहच्या हातात दिला.

"दोर घेऊन जा. माणूस दुसरा बघा."

"का ओ? गावाला निघालाय का काय?"

"न्हाय. माझा दम संपला. शिमग्याआधी हिरीत बेशुद्ध पडलतो. डॉक्टरनं बंद केलंय सगळं."

अमरसिंह हसला. म्हणाला, "काय चेष्टा करालाय, कुतुबभाई? तुमी आणि बेशुद्ध?" त्याचे भाऊही हसायला लागले. मुरगुडात या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसणारच नव्हता.

कुतुब माझ्याकडं वळला. एकोणीस दिवसांनी माझ्याकडं सरळ बघितलं.

"ह्येनं काढला मला वर. ह्यो नसता तर तितंच गेलतो. इचारा की त्याला." मग मलाच म्हणाला, "बाळ्या, सांग की ह्यास्नी. समदं सांग."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला सगळं आठवत होतं. ऐंशी, नव्वद, ते काळे ओठ, पाठीत घातलेले गुद्दे. कितीतरी महिने हे कुणालातरी सांगायला मी तडफडत होतो, आणि आता त्यानंच सांग म्हटलं तर माझ्या घशातून आवाज येईना. मी रडत होतो, चारचौघांत, अमरसिंहच्या समोर, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. कुतुब थांबून राहिला होता. मी नुसतीच होकाराची मान हलवली, आणि हसणारे सगळे गप्प झाले.